पानांतील अणू, रेणू आणि आयन

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथांतील विचारांविषयी बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर अनेक आहेत. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. म्हणून ते विचार ज्यावर छापले गेले, त्या कागदाविषयी बोलतो. जुने पुस्तक उघडताच पानाचा कोपरा हातात तुटून येतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. दोष आपण वाळवीला आणि कसरीला देतो. परंतु कीड न लागलेली पानेही तुटतात. त्याचे कारण पानाच्या आतच असते.

प्रथम परिभाषेविषयी. मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम कणास मराठीत अणू म्हणतात आणि अणूंच्या संयोगाने झालेल्या कणास रेणू. हिंदीत त्यांनाच अनुक्रमे परमाणु आणि अणु अशी नावे आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीतून शिकणाऱ्या आपल्या मुलांचा येथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. आयन हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच. अणूने किंवा अणुसमूहाने इलेक्ट्रॉन गमावला अथवा स्वीकारला, की तो विद्युत्भारित होतो, तोच आयन. ॲल्युमिनियमच्या अणूत १३ प्रोटॉन आणि १३ इलेक्ट्रॉन असतात. त्यातील ३ इलेक्ट्रॉन गेले, की तीन धनभारांचा आयन उरतो.

आता कागद पाहू. कागदाचा मुख्य घटक सेल्युलोज. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ असे २४ अणू असतात. असे ग्लुकोजचे घटक प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून एकमेकांस ऑक्सिजनच्या दुव्याने जोडले जातात आणि हजारो घटकांची लांब साखळी होते. कागदाचा चिवटपणा तो या साखळीचा.

शाई फुटू नये म्हणून पूर्वी आपल्याकडील हातकागदाला खळ लावून तो घोटीत असत. युरोपात इलिग याने १८०७ मध्ये राळ व तुरटी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती. यंत्रावर सोयीची होती. पुढे तुरटीची जागा ॲल्युमिनियम सल्फेटने घेतली आणि चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने. दमट हवेत ॲल्युमिनियमचा आयन पाण्याच्या रेणूंना स्वतःकडे ओढतो आणि त्या ओढीत हायड्रोजनचा आयन सुटा होतो. हेच आम्ल. हा आयन साखळीतील ऑक्सिजनच्या दुव्याशी जडतो. दुवा तुटतो, तेथे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, आणि आयन पुन्हा मोकळा होतो. तो स्वतः संपत नाही, पुढचा दुवा तोडावयास सिद्ध असतो. म्हणूनच थोडेसे आम्लही कालांतराने संपूर्ण पुस्तक निकामी करते. राळ-तुरटीचा स्पर्श न झालेल्या कित्येक पोथ्या त्याहून जुन्या असूनही धडधाकट दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

आम्लता सामूने, म्हणजे पीएचने, मोजतात. उदासीन पाण्याचा सामू ७. तो ५ झाला, तर हायड्रोजन आयनांचे प्रमाण शंभरपट होते. डांबरगोळ्या किडीला दूर ठेवतील. आयनाला त्या काहीच करीत नाहीत.

उपाय आहे. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी चुन्याची निवळी आणि कॅल्शियम बायकार्बोनेटचे द्रावण यांनी पाने निराम्ल करण्याची पद्धत रूढ केली. आम्ल मारले जाते, आणि पानात उरलेले कॅल्शियम कार्बोनेट पुढेही आम्लाला अडविते. कायमस्वरूपी कागदाच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कसाठा अपेक्षित आहे. मात्र हे काम जाणकारानेच करावे; काही शाया पाण्याने पसरतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. निराम्लीकरणाने पुढील तूट मंदावते. तुटलेली साखळी पुन्हा सांधली जात नाही. म्हणून आज जे पान वळविता येते, त्याचाच विचार आधी झाला पाहिजे. ज्या नियतकालिकांची दुसरी प्रत मिळणार नाही, त्यांची यादी करावी, छायाप्रती घ्याव्यात, ती आम्लरहित वेष्टनात कोरड्या, थंड जागी ठेवावीत, चिकटपट्टी कधीही लावू नये. शताब्दीनिधीतील काही वाटा नव्या कपाटांप्रमाणेच या जुन्या पानांसाठीही राखून ठेवावा, अशी आश्रयदात्यांना माझी नम्र विनंती आहे. पूर्वसूरींनी जमविलेला हा संग्रह पुढील पिढीच्या हाती वाचण्याजोगा पडावा, एवढीच त्यामागील इच्छा.