दोघेही मराठी, तरीही



सेवाग्रामच्या इतक्या जवळ उभं राहून बोलताना जबाबदारीची जाणीव होते, म्हणून थेट विषयाला हात घालते.

समुपदेशनातल्या सांस्कृतिक फरकांवर आपण जे वाचतो, ते बहुतेक परदेशातलं असतं. डॉक्टर एका वंशाचा, रुग्ण दुसऱ्या देशातून आलेला. आपल्याकडे दोघंही मराठी बोलतात, तेव्हा हा प्रश्न आपला नाही असं आपण धरून चालतो. माझा आक्षेप याच समजुतीला आहे. आर्वी किंवा समुद्रपूरच्या दवाखान्यात टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन मराठी माणसांत जात, शिक्षण, देवधर्म आणि बोली यांचं केवढं तरी अंतर असतं. एकाला दर महिन्याला पगार मिळतो, दुसऱ्याच्या हाती कापूस विकल्यावर पैसा येतो. हे अंतर कापायचं काम पगार घेणाऱ्याचं आहे.

शेतकरी आत्महत्येनंतर घरात उरलेल्या बाईचं बघा. २००६च्या शासननिर्णयानुसार कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण शासकीय समितीपुढे ‘पात्र’ ठरावं लागतं. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा, हे सगळं कागदावर दिसावं लागतं. नवरा गेल्या दिवसापासून तलाठी, पोलीस, पत्रकार, पुढारी, जो येतो तो एकच विचारतो, ‘कशानं गेला?’ आपणही तिथूनच सुरुवात केली, तर ती आपल्याला समितीपुढचं उत्तर देते. तो प्यायचा, मारायचा, हे ती सांगत नाही. स्वतःच्या तोंडून असं काही निघालं तर प्रकरण अपात्र होईल, ही धास्ती तिला असते. मग नवऱ्यावरचा राग तिच्या आतच राहतो, आणि आपण नोंदवहीत लिहितो, ‘रुग्ण मोकळेपणाने बोलत नाही.’ तिला रात्री झोप का येत नाही, याची कारणं बऱ्याचदा सातबाऱ्यावर सापडतात. वारसात नाव चढलं का, दीर शेत वाहू देतो का, पोरांना घेऊन माहेरी जावं तर भाऊ किती दिवस ठेवील? ज्या समुपदेशकाला फेरफार म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यानं या बाईच्या शोकावर बोलायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट दारूची. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. मोहाची मिळते, सगळ्यांना माहीत आहे. पण ‘आठवड्यातून किती वेळा घेता?’ हा छापील प्रश्न इथे विचारला की तो चौकशीसारखा ऐकू जातो. हा कागद ठाण्यात जाणार नाही, हे आधी सांगितल्याशिवाय खरं उत्तर मिळत नाही. पारधी बेड्यावरून आलेल्या माणसाला तर नाव-पत्ता विचारला तरी पोलीस आठवतात. त्या समाजावर १८७१च्या कायद्यानं गुन्हेगार म्हणून जो शिक्का मारला, त्याचा जाच कायदा रद्द झाल्यावरही संपलेला नाही. त्याच्या अविश्वासाला आजाराचं नाव देण्याआधी हा इतिहास वाचा.

आणि जात. आपल्याकडे ओळख होते तीच आडनावावरून. पेशंट आपलं आडनाव विचारतो आणि किती बोलायचं ते ठरवतो. आपणही त्याच्याबाबतीत तेच करतो, फक्त कबूल करत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून विदर्भातल्या लाखो घरांतून देव्हारे गेले. ते जाणं हा त्या घरांच्या स्वाभिमानाचा भाग आहे. अशा घरातल्या मुलीला एखाद्या समुपदेशकानं चांगल्या हेतूनं ‘रोज देवापुढे दिवा लाव, मन शांत होईल’ असं सांगितलं, तर ती मान डोलावते आणि पुन्हा येत नाही. वसतिगृहातला मुलगा वर्गातल्या जातीवाचक टोमण्यांबद्दल सांगतो आणि आपण त्याला विचार बदलायला शिकवतो. त्याचा विचार बरोबर आहे, वर्ग चुकीचा आहे.

आता उपचाराच्या रीतीबद्दल. दर आठवड्याला पन्नास मिनिटं, एकटा माणूस, बंद खोली, सल्ला द्यायचा नाही, हे आपण शिकलो. वेचणीच्या दिवसांत बाई मजुरी पाडून, एसटीनं, सासूला सोबत घेऊन येते आणि म्हणते, ‘आता तुम्हीच सांगा मॅडम.’ मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३मध्येच लिहिलं होतं की भारतीय माणसाला उपचारकाशी गुरू-शिष्याचं नातं जवळचं वाटतं. त्याआधी १९५०च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातलगांनाही ठेवून घेतलं. आपल्या मराठीत किशोर फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मराठी शब्दांत रुजवली. बाहेरचं आणावं ते असं, पचवून. मात्र सासू खोलीत बसली असताना सून काय बोलणार? आधी सगळ्यांना भेटा, मग सुनेला एकटीला वेळ द्या, आणि का देता तेही सासूला सांगा.

देवस्थानांविषयी बोलायला आपण कचरतो. माणूस आधी गिरडच्या टेकडीवर फरीदबाबांच्या दर्ग्यात जाऊन येतो, मग आपल्याकडे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नागपूरच्या मनोरुग्णालयात १८९२ ते १९०८ या काळात सूफी संत ताजुद्दीनबाबांना ठेवलं होतं, आणि त्याच काळात लोक तिथे त्यांच्या दर्शनाला जात होते. ‘आधी कुठे जाऊन आलात, तिथे काय सांगितलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ हे साधेपणानं विचारावं. २०१३मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं असेच सोळा प्रश्न आपल्या निदानग्रंथात घातले. त्या प्रश्नांच्या चाचण्या ज्या ठिकाणी झाल्या, त्यांत पुणेही होतं.

पण आदराला मर्यादा आहे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं आगीत जळून गेली. करणीच्या संशयावरून बाईला मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणत मारहाण सहन करायला लावणारा समुपदेशक मारणाऱ्याच्या बाजूचा असतो. संस्कृती समजून घ्यायची ती समोरच्या माणसासाठी, त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्यांसाठी नाही.

हे जमतं का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी गावच्या बोलीत लोकांशी बोलणं सुरू केलं. २०१७मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. शासनाच्या ‘प्रेरणा’ या शेतकरी समुपदेशन प्रकल्पात वर्ध्यासह चौदा जिल्ह्यांत घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्या गावातल्या आशा स्वयंसेविका, आपल्या आशाताईच होत्या. ‘मले गमत नाही’, ‘जीव घाबरते’ असं एखादी म्हणाली की त्या लगेच ओळखतात. त्यांना आपण फॉर्म भरणाऱ्या समजतो. माझ्या मते त्या आपल्या शिक्षिका आहेत.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. सेवाग्रामच्या महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. जिल्ह्यातल्या समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठीही असं एक गाव असावं, आणि तिथे त्यानं पेरणीत आणि वेचणीत दोन्ही वेळा राहावं. केसची नोंद पेशंटच्या शब्दांत, मराठीत व्हावी. गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांतली मुलंमुली या कामात यावीत म्हणून शिष्यवृत्ती मिळावी. आशाताईंना या कामाचा वेगळा आणि वेळेवर मोबदला मिळावा. आणि पुढच्या अधिवेशनाचं बीजभाषण या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या आशाताईंपैकी एकीनं करावं, असा ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडला जावा, अशी मी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती करते.