एक डोस पुरला कसा?

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातली प्रयोगशाळा येते. पण आज आम्ही सांगणार आहोत ते संशोधन बार्शी-धाराशिवकडच्या बायका-मुलींमुळे झालं.

विषय आहे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा. तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून तो येतो, नवऱ्याकडून बायकोला लागतो आणि पुष्कळजणींच्या अंगातून आपोआप जातोही. तेव्हा कुणाच्या वागण्यावर बोट ठेवू नका. काहीजणींत मात्र तो वर्षानुवर्षं टिकतो. धोका तिथे आहे.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका एका अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष आला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच, बरं का!

त्याच वर्षी लसीचा अभ्यास सुरू झाला. दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे पाहायचं होतं. बार्शी, पुणे, मुंबई धरून देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुली घेतल्या. पण २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने लस देणं थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. डॉक्टरांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं त्यांची तपासणी केली. २०२१ साली कळलं, की टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही तीन डोसांइतकंच, सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं. तेवढ्याच पैशात आता जास्त मुलींना लस मिळते.

लस लेकींसाठी. तिशी ओलांडलेल्या आपल्यासाठी तपासणी. सरकारी दवाखान्यात औषध लावून नुसतं पाहतात, काही मिनिटांचं काम. तरी आपण लाजतो, "मला काही होत नाही" म्हणतो. सुरुवातीला काहीच होत नसतं! पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर मात्र शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावलंय. तिशीपुढच्या सगळ्याजणींची नावं लिहायची आहेत. सासूबाईंनाही घेऊन या.