सर्व्हर का दमतो?

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी 'सर्व्हर डाऊन' हे शब्द आता सातबाऱ्याइतकेच ओळखीचे झाले आहेत. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरताना राज्यभर हाच अनुभव आला. ज्याचा रोज बुडतो, त्याला कारण कळायला हवे. कारणे अनेक असतात. त्यातले एक म्हणजे सर्व्हरची मेमरी संपणे.

गावात लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असतात ना? प्रत्येक अर्ज सर्व्हरकडून तशीच थोडी मेमरी उसनी घेतो. जावासारख्या भाषेत काम संपलेली मेमरी गोळा करणारा एक गडी असतो. ही युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प भाषेसाठी काढली. पण वहीत नाव तसेच राहिले, तर गडी ते भांडे उचलत नाही. अशी भांडी अडकत गेली, की गडी नुसत्या फेऱ्या मारतो आणि पंगत खोळंबते.

मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतात. भांडी परत येतात. वही ठेवण्याची चुकीची रीत तशीच राहते. मेमरी वाढवली, तरी दुखणे चार दिवस पुढे जाते, एवढेच. जाणकार आधी पाहतो, की प्रत्येक सफाईनंतर किती मेमरी मोकळी होते. दर वेळी पूर्वीइतकीच होत असेल, तर ती नुसती गर्दी. कमी कमी होत गेली, तर गळती. मग काही तासांच्या अंतराने मेमरीच्या दोन नोंदी घ्यायच्या आणि काय वाढले, कोणी धरून ठेवले, ते ताडून पाहायचे.

दुरुस्ती पुष्कळदा दोन-चार ओळींचीच असते. शोधायला मात्र सवड द्यावी लागते. ती न देता रोज बटण दाबणे सोपे. त्याची किंमत रांगेतला माणूस मोजतो.