पेपर टाकण्याआधी

आजपासून अभियंते झालेल्या मित्रमैत्रिणींनो,

या व्यासपीठावरून नोकरी मिळवण्याबद्दल बोलायचा रिवाज आहे. मी नोकरी सोडण्याबद्दल बोलणार आहे. दोन-तीन वर्षांत तुमच्यातले बरेच जण ‘पेपर टाकले’ म्हणून घरी फोन करतील आणि पलीकडून प्रश्न येईल, “अरे, चांगली नोकरी होती ना?”

चांगली नोकरी फोर्डच्या कारखान्यातही होती. १९१३ साली डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलँड पार्कमध्ये फिरती असेंब्ली लाइन आली. गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते काम काही महिन्यांत दीड तासावर आलं. अभियंत्याने टाळी वाजवावी असंच हे काम. पण ज्या कारागिराला अख्खी जोडणी येत होती, त्याच्या वाट्याला दिवसभर एकच नट पिळणं आलं. माणसं सरळ निघून जाऊ लागली. सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षी ५२ हजारांवर माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा रोज साधारण दुप्पट करून पाच डॉलर केला, तास नऊचे आठ केले. दारात झुंबड उडाली, गळती झपाट्याने उतरली. (त्या पाच डॉलरसाठी कंपनीची माणसं घरी येऊन तुमची राहणीही तपासत. आजच्या एचआरला एवढी मुभा नाही, हे बरं.)

तेव्हा पैशाने माणूस थांबतो. पैसा महत्त्वाचा नाही असं सांगणाऱ्या पाहुण्यांचं ऐकू नका. त्यांचे कर्जाचे हप्ते कधीच फिटलेले असतात. पण फोर्डचा तो नट तिथेच राहिला.

आणि गळती उतरली म्हणजे कंटाळा गेला, असंही नाही. आपल्याकडे इन्फोसिसची गळती जून २०२२ अखेर २८.४ टक्के होती, मार्च २०२४ अखेर १२.६. मधल्या काळात सगळे खूश झाले असं मला वाटत नाही. बाहेरच्या ऑफर आटल्या, एवढंच.

राजीनाम्यात बहुतेक जण ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ लिहितात. चहाच्या टपरीवर तेच लोक वेगळं बोलतात: प्रमोशन दुसऱ्याला का मिळालं ते कुणी सांगितलं नाही, प्रोजेक्टविना बेंचवर असताना कुणी विचारलं नाही, आपलं काम क्लायंटपुढे मॅनेजरने स्वतःचं म्हणून मांडलं. कंपनी कारण विचारते तेव्हा लॅपटॉप जमा झालेला असतो आणि रिलिव्हिंग लेटर अजून हातात पडायचं असतं. खरं कोण बोलेल?

वैताग आला तर जरूर दुसरी नोकरी शोधा. फक्त आपण नेमकं कशाला कंटाळलो ते आधी कागदावर लिहा. पगाराला कंटाळला असाल, तर हाइक घ्या आणि मोकळे व्हा. नटाला कंटाळला असाल, तर पुढच्या मुलाखतीत पॅकेजच्या आधी विचारा, की रोज काय काम करावं लागेल, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं. समोरचा घुटमळला, तर तेही उत्तरच समजा. फ्रेशर असा प्रश्न विचारायला बिचकतात. बिचकू नका; तीन महिन्यांत सोडून जाणाऱ्यापेक्षा मुलाखतीतच नाही म्हणणारा उमेदवार कंपनीलाही स्वस्त पडतो.