पस्तीस गुणांचा हिशेब



जुलै १९७६ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरी ऑलिंपिक सामने भरले आणि त्यांत स्त्रियांच्या बास्केटबॉलला प्रथमच प्रवेश मिळाला. पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ सालीच, बर्लिन येथे, ऑलिंपिकमध्ये दाखल झाला होता. म्हणजे त्याच खेळासाठी आणि त्याच जाळीसाठी स्त्रियांना चाळीस वर्षे दाराबाहेर तिष्ठावे लागले. दार उघडले तेही किलकिलेच. पुरुषांच्या स्पर्धेत बारा संघांना जागा होती, स्त्रियांच्या स्पर्धेत सहा संघांना.

या स्पर्धेत सोव्हिएत युनियन आणि अमेरिका यांच्यात जो सामना झाला, त्याचा निकाल ११२ विरुद्ध ७७ असा लागला. पस्तीस गुणांचे हे अंतर बास्केटबॉलमध्ये दारुण पराभवाचे समजले जाते. सोव्हिएत संघाच्या उलियाना सेम्योनोवाने एकटीने ३२ गुण मिळवले आणि फळ्यावर आपटून परतलेले १९ चेंडू ताब्यात घेतले. अशा चेंडूंना खेळाडू रिबाउंड म्हणतात. सेम्योनोवाची उंची सुमारे सात फूट होती. अमेरिकेची आधारस्तंभ लुशिया हॅरिस सव्वासहा फुटांची. एवढे ऐकले की निकालाचे स्पष्टीकरण आपोआप तयार होते. ताडासारखी उंच खेळाडू, हात वर केला की चेंडू जाळीत. निसर्गानेच दिलेले ते दान, त्यात समाजाचा वा व्यवस्थेचा प्रश्न येतोच कुठे?

हा प्रश्न गुणपत्रकालाच विचारावा. ११२ मधून सेम्योनोवाचे ३२ गुण वजा केले तर ८० उरतात. अमेरिकेच्या साऱ्या संघाचे गुण ७७. म्हणजे सेम्योनोवाचा एकही गुण न धरता तिच्या सहकारिणींनी प्रतिपक्षाच्या सर्व खेळाडूंपेक्षा तीन गुण अधिक मिळवले होते. या वजाबाकीला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. अशा खेळाडूभोवती प्रतिपक्षाच्या दोघी-दोघी अडकून पडतात, तेव्हा इतरांना मोकळी वाट मिळते. तिने मिळवलेल्या रिबाउंडमधूनच इतरांच्या चढाया सुरू होतात. तरीही एका व्यक्तीच्या उंचीने हा सामना जिंकला, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. तो संघाने जिंकला, आणि संघ एका दिवसात उभा राहत नाही.

हा संघ उभा कसा राहिला? सेम्योनोवा ही लॅट्व्हियाची. ती रीगा शहरातील ज्या क्लबकडून खेळे, त्याचे नाव टीटीटी. ही तीन अक्षरे तेथील ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणाऱ्या संस्थेच्या नावातून आलेली आहेत. शहराची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने स्त्रियांचा क्लब निघतो आणि तो युरोपातील अजिंक्यपद अठरा वेळा मिळवतो, ही गोष्ट नुसत्या नैसर्गिक देणगीने घडत नाही. मैदान, प्रशिक्षण, वर्षभराचा सराव आणि उपजीविकेची हमी, एवढे सारे त्यामागे असावे लागते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक लिडिया अलेक्सेयेवा या स्वतः जुन्या खेळाडू. १९६२ ते १९८४ अशी बावीस वर्षे त्यांनी संघ सांभाळला आणि त्या काळात अधिकृत स्पर्धेतील एकही सामना तो हरला नाही.

मात्र या विजयाला त्या राजवटीचे प्रशस्तिपत्र मानण्याची चूक करू नये. ज्या लॅट्व्हियाची सेम्योनोवा, तो देश १९४० साली त्याच्या जनतेला न विचारता सोव्हिएत युनियनला जोडला गेला होता आणि १९९१ साली तो पुन्हा स्वतंत्र झाला. मैदान देणारे राज्य मत देईलच असे नाही. पण मत देणारे राज्य तरी मैदान देते काय, हा प्रश्न अमेरिकेला विचारण्यासारखा होता.

बास्केटबॉलचा जन्म अमेरिकेतलाच, १८९१ सालचा. लगेच पुढच्या वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. मुलींना खेळू देणे हेच त्या काळी धाडस होते. परंतु त्या धाडसालाही एक कुंपण घालण्यात आले. मैदानाचे तीन भाग पाडले गेले आणि खेळाडूने आपला भाग ओलांडायचा नाही असा नियम झाला, कारण स्त्रीचे शरीर फार धावणे सोसणार नाही, अशी समजूत. मैदानाच्या विभागणीचा हा वारसा दीर्घकाळ टिकला. अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्त्रियांना पुरे मैदान आणि पाच खेळाडूंचा खेळ नियमाने मिळाला तो १९७१ साली. आयोवा राज्याच्या शाळांतून तर अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला बंदी करणारा कायदा १९७२ मध्ये झाला. त्याचे नियम लागू झाले १९७५ मध्ये. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या स्त्रिया आठव्या आल्या. माँट्रियलमधले पस्तीस गुणांचे अंतर हे अशा अनेक दशकांच्या अंतराचे व्याज होते.

या पराभूत संघाची कामगिरी म्हणूनच अधिक मोलाची ठरते. १९ जुलै १९७६ रोजी जपानविरुद्धच्या सामन्यात ऑलिंपिकच्या इतिहासातील स्त्रियांचा पहिला गोल लुशिया हॅरिसने केला. तो सामना अमेरिका ७१ विरुद्ध ८४ अशी हरली. परंतु बल्गेरिया, कॅनडा आणि चेकोस्लोव्हाकिया यांना हरवून संघाने रौप्यपदक मिळवले. पाच सामन्यांत हॅरिसची सरासरी १५.२ गुण आणि ७ रिबाउंड, म्हणजे एकूण ७६ गुण व ३५ रिबाउंड. दोन्ही बाबतींत ती आपल्या संघात पहिली. मिसिसिपीतील मिंटर सिटीच्या एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात, अकरा भावंडांत दहावी म्हणून ती जन्मली. लहानपणी तिने शेतात कापूस वेचला होता. १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने आपल्या निवडयादीत तिचे नाव घातले. तिने ते स्वीकारले नाही. त्या वेळी ती गर्भवती होती. पुरुष खेळाडूला पदकानंतर जो व्यवसाय खुला होता, तसा स्थिर व्यवसाय तिच्यासाठी देशात अस्तित्वातच नव्हता. पुढे ती शिक्षिका आणि प्रशिक्षक झाली. जानेवारी २०२२ मध्ये तिचे निधन झाले. दोनच महिन्यांनी तिच्यावरील लघुपटाला ऑस्कर मिळाले. ज्या देशाला तिचा खेळ पाहायला उसंत नव्हती, त्याने तिचे चित्र मात्र डोळे भरून पाहिले.

आता हिशेबाची शेवटची ओळ. माँट्रियलनंतर दहा वर्षांनी, १९८६ साली, हेच दोन देश मॉस्कोत दोनदा समोरासमोर आले. जुलैत सद्भावना सामन्यांत अमेरिका ८३ विरुद्ध ६० अशी जिंकली आणि ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १०८ विरुद्ध ८८ अशी. दहा वर्षांत अमेरिकन मुलींची हाडे काही लांबली नव्हती. वाढली होती ती शाळा-महाविद्यालयांतील संघांची संख्या, शिष्यवृत्त्या आणि खेळायला मिळालेली वर्षे. १९७२ साली ज्या मुली आठ-दहा वर्षांच्या होत्या, त्या आता मैदानात उतरल्या होत्या. स्त्रियांच्या मर्यादा म्हणून ज्या सांगितल्या जात, त्या शरीराच्या नसून नियमांच्या होत्या, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या आकड्याने सिद्ध होणार?

गुणपत्रकात गुण, रिबाउंड आणि मिनिटे यांचे रकाने असतात. किती मुलींना चेंडू हाती धरूच दिला गेला नाही, याचा रकाना त्यात नसतो. तो वाचणाऱ्याने स्वतः आखून घ्यायचा असतो, आणि मगच निकाल वाचायचा असतो.