कोप्रिव्श्तित्सा : न जळलेले गाव



सोफियाच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, स्रेद्ना गोरा पर्वताच्या कुशीत, तोपोल्नित्सा नदीकाठी कोप्रिव्श्तित्सा हे लहानसे गाव वसले आहे. निळ्या-तांबड्या भिंती, रस्त्यावर झुकलेले वरचे मजले, कोरीव लाकडी छते, उंच दगडी कुंपणे हे सारे पाहण्यासाठी प्रवासी येतात. परंतु ही घरे उभी कशी राहिली, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. म्हणून आज त्याविषयीच बोलणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लुटारूंच्या टोळ्यांनी हे गाव वारंवार जाळले होते. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले, ते मेंढ्यांच्या जोरावर. येथील व्यापारी मेंढ्या, लोकर आणि जाडेभरडे लोकरी कापड घेऊन थेट कॉन्स्टँटिनोपल व इजिप्तपर्यंत जात. त्या पैशातून वाडे झाले, 1817 साली चर्च झाले आणि 1846 साली नाय्देन गेरोव्ह यांनी शाळा काढली. शाळेमागोमाग स्वातंत्र्याचे विचार आले, यात नवल नाही.

तुर्की सत्तेविरुद्धचा उठाव मे महिन्यात व्हायचा होता. मात्र कट फुटला आणि तोदोर काब्लेश्कोव्हला पकडण्यासाठी शिपाई गावात आले. तेव्हा जुन्या पंचांगाप्रमाणे 20 एप्रिल 1876 रोजी येथेच पहिली गोळी सुटली. नदीच्या एका ओढ्यावरील छोट्या कमानदार पुलाशी आजही प्रवासी त्या आठवणीने थबकतात. पंचवीस वर्षांच्या काब्लेश्कोव्हने शेजारच्या पानाग्युरिश्तेला पत्र धाडले. त्यावर मारल्या गेलेल्या अंमलदाराच्या रक्ताने क्रूस काढला होता. इतिहासात ते ‘रक्तरंजित पत्र’ म्हणून ओळखले जाते.

उठाव काही आठवड्यांतच चिरडला गेला. पानाग्युरिश्ते जळाले, दक्षिणेकडील बाताकमध्ये तर चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या बायकामुलांचीही कत्तल झाली. कोप्रिव्श्तित्सा मात्र वाचले, कारण गावातील धनिकांनी खंडणी भरली. हे चित्र कित्येकांना खटकते. ज्या गावाने ठिणगी टाकली, तेच पैसे देऊन सुटले! परंतु निवाडा इतका सोपा नाही. काब्लेश्कोव्ह स्वतः श्रीमंत घरातलाच. पकडला गेल्यावर त्याने गाब्रोव्होत स्वतःच्या हाताने जीवन संपवले. घोडदळाचा नायक बेन्कोव्स्की याच गावचा. तोही त्याच वर्षी मारला गेला. सोने देणारे आणि प्राण देणारे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहत होते.

1877–78 च्या रशिया-तुर्की युद्धानंतर बल्गेरियाला स्वायत्त राज्य लाभले. आता ती घरे संग्रहालये झाली आहेत. गर्दी ओसरली की चर्चच्या आवारातील स्मशानात जरूर जावे. येथे 1887 साली जन्मलेला कवी दिम्चो देबेल्यानोव्ह 1916 साली आघाडीवर पडला. त्याच्या अस्थी 1931 साली गावी आणल्या गेल्या. शिल्पकार इव्हान लाझारोव्हने घडविलेली त्याच्या आईची मूर्ती तेथे बसलेली आहे, मुलाची वाट पाहत.