सोय नेमकी कुणाची?

(कोकणातील स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



या सत्राचा विषय 'पर्यटन आणि स्त्रिया' असा छापला आहे. मी मात्र बोलणार आहे मुतारीबद्दल. काहीजणी हसताहेत. हसा, पण हा विषय निघाला की आपण हसतो किंवा आवाज खाली आणतो, म्हणूनच तो आजवर ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ मध्ये चिपीला विमान उतरले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून आपण पाहतोच आहोत. पाहुणे यावेत म्हणून एवढे सगळे झाले. पाहुणे आलेही. तारकर्ली-देवबागच्या घराघरांत खोल्या निघाल्या. त्या खोल्यांच्या चादरी कोण धुते, सोलकढी कोण करते, हे या सभेत सांगायला नको.

माझी एक वर्गमैत्रीण गेली कित्येक वर्षे आखातात नर्स आहे. मागच्या सुट्टीत ती तिथल्या दोन सहकारी नर्सना कोकण दाखवायला घेऊन आली. बरोबर तिची म्हातारी आईही होती. परत गेल्यावर तिने मला लांबलचक पत्र लिहिले. महामार्गावर पंपावरच्या संडासाला कुलूप होते आणि चावी मालकाकडे. एका स्टँडवर बाईमाणसाकडून पैसे घेत होते आणि आत पाणी नव्हते. समुद्रावर ओले कपडे बदलायला आडोसा नव्हता. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण कमोड कुठेच मिळाला नाही. पॅड टाकायला डबा नव्हता, म्हणून पिशवीत गुंडाळून दिवसभर जवळ बाळगावे लागले. शेवटी तिने लिहिले होते, 'मला मैत्रिणींसमोर लाज वाटली. अशाने आपल्याकडे पर्यटक कसे यायचे?'

तिची तक्रार शब्द न् शब्द खरी आहे. 'परदेशात राहून आता हिला नाके मुरडायला सुचतात' असे म्हणून ती उडवून लावू नये. नेहमी त्रास सोसणाऱ्याला त्रास दिसेनासा होतो. बाहेरून आलेल्याला तो पहिल्या दिवशी दिसतो. पण तिचा शेवटचा प्रश्न मला अपुरा वाटतो. पर्यटक कसे येतील, ही पुढची गोष्ट झाली. ज्या बाया तिथे रोजच असतात, त्यांचे काय?

पहाटे पाटी घेऊन लिलावाला जाणारी आणि दुपारपर्यंत बाजारात बसणारी मासळीवाली, एसटीतली महिला कंडक्टर, किनाऱ्यावर शहाळी विकणारी, तालुक्याला दाखल्यासाठी आलेली विधवा, आठवड्याच्या बाजाराला आलेली गरोदर सून. माझी मैत्रीण दोन आठवडे हाल सोसून परत गेली. यांचे दोन आठवडे संपत नाहीत. यांनी त्यावर आपला उपाय शोधला आहे. घराबाहेर पडताना पाणी प्यायचे नाही आणि लागली तरी दाबून धरायची. लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, उन्हात येणारी चक्कर यांचे मूळ पुष्कळदा इथे असते. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या. पाणी प्यायल्यावर जायचे कुठे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

आणि लाज म्हणाल तर ती कुणाला वाटायला हवी? शरीरधर्म असलेल्या बाईला, की जागा असूनही सोय न करणाऱ्या यंत्रणेला?

याच महामार्गावर महाड आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे चालत जाऊन पाणी प्यायली, तोवर ते तळे कागदावरच खुले होते. तो माणूस म्हणून हक्काचा लढा होता. त्याने आपल्याला 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ शिकवला. दारावर पाटी लावून जागा सार्वजनिक होत नाही. शेवटच्या माणसाला ती विनासायास वापरता आली, तरच ती सार्वजनिक.

मुंबईत २०११ साली तीसहून अधिक संस्था-संघटनांनी मिळून 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. त्यांचे म्हणणे साधे होते. पुरुषाला लघवीला पैसे पडत नाहीत, मग बाईला का? तिच्यासाठी वेगळी मुतारी नसते, ती संडासाची खोली वापरते, म्हणून तिच्याकडून संडासाचे पैसे घेतात. म्हणजे सोय न केल्याचा दंड तिनेच भरायचा! पुढे पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या पुढाकाराने झालेल्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी रस्त्यांलगत स्वच्छतागृहांची योजना करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांच्या आवारात स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी शौचालये बांधण्याचे आदेश दिले आणि हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण हे आदेश महापालिकांना आणि न्यायालयांना झाले. आपली ग्रामपंचायत, नगरपंचायत, जेट्टी, बाजार यांच्यासाठी आपल्यालाच भांडायचे आहे.

भांडताना कामाची खोच समजून घ्यावी लागते. बांधकामाला निधी मिळतो, उद्घाटनाचा फोटोही निघतो. रोजचे पाणी, दिवा, कडी-कोयंडा, झाडणारीचा पगार यांची तरतूद मात्र नसते. मग ते ठेकेदाराकडे जाते, तो वसुली करतो आणि गर्दी ओसरली की कुलूप लावतो. दुसरे म्हणजे, स्त्री-पुरुषांना सारखी जागा दिली तरी ती समान होत नाही. तेवढ्याच जागेत पुरुषांसाठी मुताऱ्यांची रांग बसते, बायकांच्या खोल्या मोजक्याच होतात. बाईला लुगडे-साडी सावरायची, पोर सांभाळायचे, पाळी असेल तर पॅड बदलायचे, म्हणून वेळही जास्त लागतो. रांग बायकांच्याच दाराशी का, याचे उत्तर नकाशात असते. आणि नकाशा मंजूर होताना तिथे आपण नसतो.

शासनाने मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट दिले. त्याच वर्षी 'आई' नावाचे महिला पर्यटन धोरणही आले. त्यात पर्यटन व्यवसायासाठी बाईने १५ लाखांपर्यंत कर्ज काढल्यास व्याजाच्या परताव्याची सोय आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, त्यांचा लाभ घ्या. पण अर्ध्या तिकिटात निघालेली बाई उतरते त्या स्टँडवर तिला जायला जागा नसेल, तर सवलत अर्धीच राहिली.

एक सावधगिरीही हवी. पाहुण्यांसाठी चकचकीत स्वच्छतागृह मागताना ते कोण साफ करणार, हे विचारायला विसरू नका. माझ्या मैत्रिणीला आखातात जी स्वच्छता दिसते, तिच्यामागेही आपल्याच उपखंडातून गेलेल्या मजुरांचे हात आहेत. इथे तर ते काम ठरावीक जातींच्या माणसांवर, त्यातही बायांवर लादले जाते. त्यांना किमान वेतन, हातमोजे आणि बूट, आठवड्याची सुट्टी ही आपल्या मागणीची पहिली ओळ असायला हवी.

आता करायचे काय? प्रत्येक गटाने आपल्या गावातला स्टँड, बाजार, जेट्टी, किनारा आणि जवळचा पेट्रोल पंप पाहून यावा. सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. दार उघडे आहे का? आतून कडी लागते का? पाणी, दिवा, डबा आहे का? पैसे कुणाकडून घेतात? म्हातारीला, अपंग बाईला जाता येते का? साफ करणारीला पगार किती? हे कागदावर लिहा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा आपल्याकडे कायदा आहे. तिथे ठराव करा आणि तो ग्रामसभेत मांडा. सरपंच म्हणतील, महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून करू. त्याला तयार होऊ नका. पुरुषांची सोय ज्या पैशातून होते, त्यातूनच आपलीही झाली पाहिजे.

आणि बाहेरगावी, परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीबाळींना सांगा, सुट्टीत आलात की तक्रार लेखी करा. त्यांच्या पत्राला साहेब लोक लवकर उत्तर देतात, हे कटू असले तरी खरे आहे. मात्र त्या पत्रात त्यांनी एक वाक्य घालावे. ही सोय पाटी घेऊन बसणाऱ्या बाईसाठी करा, तिला पुरली की पाहुण्यांनाही पुरेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावचा तो कागद घेऊन यावा, एवढेच माझे मागणे.